चित्र आत, टाका बाहेर: जपानी बंबवाल्यांचं जाकीट घरी कसं शिवायचं

सुरुवात काडेपेटीने करायची. मधल्या थरासाठी जी जुनी साडी काढली असेल तिचे चार धागे ओढून चिमट्यात धरा आणि पेटवा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरगळणारी राख उरली, तर साडी सुती. धागा वितळून काळा, कडक मणी झाला, तर त्यात पॉलिस्टर आहे. ती साडी पायपुसण्यासाठी ठेवा. ‘कॉटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच साड्या या परीक्षेत नापास होतात. एरवी मी इतकी काटेकोर नाही. पण हे जाकीट आगीशी लढणाऱ्यांचं आहे आणि वितळलेलं पॉलिस्टर कातडीला चिकटून बसतं.

मी देवगड तालुक्यात शिवणकाम करते. ब्लाउज, गणवेश, लग्नसराईत परकर-पोलकी, आणि पावसाळ्यात हात रिकामे असले की गोधड्या. भाचा मुंबईत अग्निशमन दलात आहे. त्याने मोबाइलवर जपानमधल्या एका जुन्या जाकिटाचा फोटो पाठवला आणि विचारलं, “मावशी, असं शिवशील?” त्याला ते १४ एप्रिलसाठी हवं होतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि त्याच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. बंबवाले ६६ गेले. म्हणून तो दिवस आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

फोटोत दोन जाकिटं दिसत होती, असं मला आधी वाटलं. एक गडद निळं, साधं, पाठीवर एक मोठं चिन्ह. दुसऱ्याच्या पाठभर लाटा आणि त्यातून वर येणारा ड्रॅगन. भाचा म्हणाला, एकच आहे ते, उलटसुलट. आगीवर जाताना साधी बाजू बाहेर, चित्र आत. आग आटोक्यात आली की तेच जाकीट उलटं करून घालायचं आणि रस्त्याने मिरवत परत यायचं.

शिवायला बसण्याआधी हे असं का, ते कळलं पाहिजे, नाहीतर नुसतं छापील जाकीट होईल. एदो, म्हणजे आजचं टोकियो, लाकडाचं आणि कागदाचं शहर. हिवाळ्यात कोरडा वारा सुटायचा आणि आळ्याच्या आळ्या जायच्या. १६५७ च्या आगीत सुमारे एक लाख माणसं गेली असं मानतात. शोगनच्या, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाच्या, किल्ल्याचा मुख्य बुरूज जळाला तो पुन्हा कधी बांधलाच नाही. आधी सरदारांची आणि सामुराईंची पथकं होती. त्यांचे कपडे लोकरीचे किंवा चामड्याचे, सरदाराचं चिन्ह बाहेर ठसठशीत. सामान्य वस्त्यांची पथकं शोगन योशिमुनेच्या काळात, ओओका तादासुके या न्यायाधीशाच्या हाताखाली उभी राहिली. १७२० मध्ये त्यांची ४७ पथकं झाली आणि जपानी मुळाक्षरांतलं एकेक अक्षर त्यांना दिलं. ‘हि’ हे अक्षर मात्र टाळलं, कारण आगीचा उच्चारही तोच.

या पथकांतले बरेचसे लोक बांधकामावरचे, उंचावर चढणारे मजूर. हातपंप होते, पण त्यात मोठी आग विझवण्याचा जोर नव्हता. म्हणून काम एकच: वाऱ्याच्या दिशेची घरं आकड्यांनी ओढून पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजताना ठिणगी उडाली आणि वाळक्या गवतात वणवा शिरला, तर माणसं विहिरीकडे धावत नाहीत. हिरवे टाळे घेऊन झोडपतात आणि काजूच्या बागेभोवती जाळरेषा काढतात. फरक इतकाच की तिथे जाळरेषेत लोकांची घरं जायची.

एवढ्या जवळून घर ओढायचं तर अंगावर पाणी हवं. त्यासाठी सुती कापडाचे दोन-तीन थर एकत्र घेऊन दाट धावदोऱ्याने शिवायचे. आगीवर निघताना ते जाकीट, टोपी, हातमोजे सगळं पाण्यात चिंब भिजवायचं. दाट टाक्यांमुळे थर सुटे राहत नाहीत, पाणी धरून ठेवतात, आणि पडणाऱ्या कौल-लाकडाचा मारही थोडा सोसतात. म्हणजे माणसाला वाचवणारा भाग बाहेरचा, साधा. आतला ड्रॅगन पाणी धरत नाही. तो ज्याने जाकीट घातलंय त्याच्यासाठी. सासूबाईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विचारलं, “ह्यां चित्र भितर कित्या गो? कोण बघतलो?” मी म्हटलं, “जो घालतलो तो.” त्यांना ते पटलं, कारण त्यांचा स्वतःचा ताईतही पदराआडच असतो.

एक स्पष्ट सांगते. हे जाकीट घालून कुणी वणवा विझवायला जाऊ नका. ओलं सूत थोडा वेळच टिकतं, आणि ते तापलं की आतल्या वाफेने माणूस भाजतो. आजचे बंबवाले घालतात ते सहजी न पेटणाऱ्या, मुद्दाम बनवलेल्या धाग्यांचे कपडे असतात. आपलं जाकीट घालायला, मिरवायला आणि भिंतीवर लावायला.

कापड

बाहेरून गडद निळं हातमागाचं जाडसर सुती कापड, पन्ना ३६ इंच, सव्वातीन मीटर. आतून तितकंच पांढरं, मऊ, बिनखळीचं. मधे जुन्या सुती साडीचा एक थर. थंडीच्या प्रदेशात दोन थर घाला, आपल्याकडे एकाच थराने माणूस घामाघूम होतो. सगळं कापड आधी रात्रभर भिजवून धुऊन घ्या. आटायचं ते आताच आटू दे.

बेतणी चौकोनांचीच आहे. अंगाच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ३८ सेंमी रुंद आणि २१२ लांब. एकेक पट्टी मागच्या घेरापासून खांद्यावरून पुढच्या घेरापर्यंत सलग जाते, खांद्याला शिवण नाही. पन्न्यात उरलेल्या १५ सेंमीच्या पट्टीतून गळपट्टी निघते, ती २२८ लांब ठेवा. बाह्या दोन, ३६ बाय ६६. मापं मुद्दाम सैल दिली आहेत, कारण दाट टाका घातल्यावर कापड आखडतं. घेरदार माणसालाही हे बसतं. आमचा भाचा दंडाने रेडा आहे, त्यालाही बसलं.

गळा आताच कापू नका. आधी फक्त पाठीची मधली शिवण घ्या, घेरापासून खांद्याच्या घडीपर्यंत. बाहेरच्या कापडाची वेगळी, आतल्याची वेगळी. पुढच्या पट्ट्या सुट्याच राहतात. उघडून पसरलं की चित्र काढायला पाठ सलग मिळते.

चित्र कुठलं

सगळ्यांना इथेच घाई असते आणि इथेच थांबायला हवं. या जाकिटांवरची चित्रं ढोबळमानाने दोन जातींची. काही पाण्याची: ड्रॅगन, लाटा, धबधबा चढणारा मासा, गडगडाट करणारा मेघदेव. आपण सिनेमात बघतो तो ड्रॅगन तोंडातून जाळ काढतो. जपानमधला पाण्यात राहतो आणि पाऊस आणतो, म्हणून तो बंबवाल्याच्या पाठीवर. कित्येक जण तोच अंगावर गोंदवूनही घेत. दुसरी जात हिमतीची: राक्षसी कोळ्याला मारणारा योद्धा किंवा एका जुन्या चिनी कथेतले १०८ बंडखोर. चित्रकार कुनियोशीने १८२७ पासून या बंडखोरांची छापील चित्रं काढली आणि ती भयंकर गाजली. त्यांतला चांग शुन हा पट्टीचा पोहणारा, पाण्याखालून जाऊन वेशीचे गज तोडणारा. म्हणजे हिंमत आणि पाणी दोन्ही एकाच माणसात. मला विचाराल तर बंबवाल्यासाठी याच्याइतका चपखल वीर दुसरा नाही.

चित्र आत लपवण्यात आणखी एक गोम होती. सामान्यांनी भपकेबाज कपडे घालू नयेत असे शोगनचे हुकूम वरचेवर निघायचे. अस्तरावर कोण नजर ठेवणार?

भाच्याला ड्रॅगनच हवा होता, मी ड्रॅगन काढला. पण तुमचा हात चित्रात बेताचा असेल तर त्याच्या खवल्यांच्या नादी लागू नका. सावंतवाडीच्या गंजिफ्यात बघा. दशावतारी खेळात १२० गोल पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. त्यातले मत्स्य आणि कूर्म दोन्ही पाण्यातले, दोन्ही रक्षण करणारे, आणि आकार इतके सुबक की मोठे केले तरी बिघडत नाहीत. कूर्म तर पाठीवरच शोभतो. नृसिंह हिमतीच्या जातीत चालेल. परशुराम नको. कोकण त्याचं हे खरं, पण त्याने समुद्र मागे हटवला आणि आपल्याला इथे पाणी जवळ बोलवायचंय.

चित्र मोठं काढा, साधारण ५० सेंमी रुंद आणि ६० उंच. तोंड खांद्यांच्या मधोमध येऊ दे. कंबरेला पट्टा बांधला की तिथला भाग झाकला जातो, म्हणून महत्त्वाचं काही तिथे नको. बारीक नक्षी टाळा. पुढची पद्धत तीन-चार मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नीट धरत नाही.

तांदळाची खळ

रंग जिथे लागायला नको तिथे जपानी लोक तांदळाची खळ लावतात. कागदी कोनातून, आपण मेंदी काढतो तशीच. रंगवून धुतलं की खळ निघते आणि खाली पांढरं उरतं.

चिकट तांदळाचं पीठ लागतं. आपला उकडा किंवा सुरय (न उकडलेला) तांदूळ चालत नाही, सुकल्यावर तडकतो. मी चिकट तांदूळ मुंबईहून मागवून घरघंटीवर दळला. एक वाटी पीठ, एक वाटी वस्त्रगाळ केलेला तांदळाचा कोंडा. कोमट पाण्यात घट्ट मळा आणि मधे भोक ठेवून कडी करा, म्हणजे आतपर्यंत शिजते. मोदकपात्रात तासभर वाफवा. गरम असतानाच लाकडी डावाने घोटायला घ्या आणि लागेल तसं गरम पाणी घाला, गुठळी राहता कामा नये. मग मोठा चमचाभर मीठ आणि थोडी चुन्याची निवळी. चुना पडला की खळ पिवळसर होते, आणि रंगाच्या पाण्यात लगेच विरघळत नाही.

मीठ घालतात ते खळ तडकू नये म्हणून, कारण मीठ हवेतली ओल ओढतं. आमच्या हवेत ओल आयतीच आहे. समुद्राजवळ राहत असाल तर मीठ निम्मं करा, नाहीतर खळ चार दिवस चिकटच राहील. आणि हे काम जानेवारी-फेब्रुवारीत काढा. जून ते सप्टेंबर नावच काढू नका.

कापड चौकटीवर ताणून बसवा. मी जुन्या खिडकीची चौकट वापरली. कोळशाने चित्र उतरवा आणि कोनाने आधी सगळ्या रेघा काढा. ज्या जागा पुढे लाल-काळ्या रंगवायच्या आहेत त्याही खळीने भरून टाका, नाहीतर त्या निळ्या होतील. खळ ओली असतानाच वरून बारीक कोंडा भुरभुरवा, म्हणजे दुसरीकडे चिकटणार नाही. मग कापड उलटं करून मागून पाण्याचा हलका फवारा द्या, खळ धाग्यात मुरते. सावलीत सुकवा, शेवटी थोडं ऊन.

नीळ

वजनाने एक भाग नीळ (झाडापासून केलेली, पांढऱ्या कपड्यांना देतात ती नव्हे), दोन भाग विरी गेलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज. एका अस्तरासाठी १०० ग्रॅम नीळ आणि वीसेक लिटर पाणी पुरतं. हातमोजे आणि चष्मा घाला, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. कढत पाण्यात एकत्र करून हलक्या हाताने ढवळा आणि झाकून ठेवा. काही तासांनी पाणी पिवळसर-हिरवं आणि वर तांब्यासारखी चकाकती साय दिसली, की नीळ तयार. ते थंड होऊ द्या. गरम पाण्यात खळ सुटते, आणि हे विसरलात तर अख्खा ड्रॅगन वाहून जाईल.

तळाशी चुना बसलेला असतो, त्याला कापड लागू देऊ नका. दोन मिनिटं बुडवा, बाहेर काढून वाऱ्यावर धरा. हिरवं कापड डोळ्यांदेखत निळं होत जातं. शेजारची पोरं यासाठी कुंपणावर बसतात. पुन्हा बुडवा, पुन्हा वारा. पाच-सहा वेळा असं केलं की गडद रंग येतो. एकाच वेळी जास्त वेळ बुडवून ठेवलं तर खळ सैल होते, म्हणून घाई नको. शेवटी साध्या पाण्यात तासभर सोडा. खळ फुगते, बोटाने सारली की निघते. अखेरच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला, चुन्याचा अंश मारायला. आंबटच हवं म्हणून कोकमाचं आगळ ओतू नका, डाग जाणार नाही.

आता पांढऱ्या जागा रंगवायच्या. रंग सोयाबीनच्या दुधात कालवतात. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन वाटून गाळायचं, तेच चिकटवायचं काम करतं. काळ्यासाठी काजळी, तांबड्यासाठी गेरू. मी गेरूऐवजी अंगणातल्या जांभ्याची माती वस्त्रगाळ करून वापरली आणि ती दुकानच्या गेरूपेक्षा उजवी ठरली. हळद मात्र नको. चुन्याचा जरा अंश राहिला तरी लाल होते आणि उन्हात उडते. रंगवल्यावर अस्तर आठवडाभर तसंच ठेवा, मग पाण्याला हात लावा.

टाका

बाहेरचं निळं कापड पालथं पसरा, त्यावर साडीचा थर, आणि आधी कच्च्या टाक्याने बांधून घ्या. अस्तर अजून बाजूलाच. दोरा जाड, पांढरा, सुती. ओळी पाऊण सेंमीवर, उभ्या. इंचात चार-पाच टाके. मधल्या शिवणीपासून सुरू करून कडांकडे जा, म्हणजे फुगा राहत नाही. गोधडी शिवणाऱ्या बाईला यात नवीन काही नाही, फक्त ओळी तिच्या सवयीपेक्षा दाट आहेत. सुई भरून टाके घेतले की दोरा ओढून थांबू नका. अंगठ्याने कापड मागे सारत दोऱ्यावर सपाट करा. हे केलं नाही तर भिजल्यावर जाकीट चुण्या-चुण्यांचं होतं. गाठी थरांच्या मधे दडवा. अंगुस्ताना घाला. नुसत्या बोटाने हे होत नाही, मी सांगते म्हणून ऐका.

मशीनने ओळी मारू का, असं विचारतात. मारा. पण मशीनचा टाका सलग आणि घट्ट बसतो, कापड पत्र्यासारखं होतं, आणि हालचाल करताना काखेत टोचतं. निदान पाठ आणि खांदे तरी हाताने घ्या. कडेला दोन सेंमी टाक्याविना सोडा, तिथे जोडणी येईल. बाह्याही अशाच शिवून घ्या.

पाठीवर बाहेरून काय घालायचं? तिथे पथकाचं चिन्ह असायचं, लांबून ओळखू यावं म्हणून. भाच्यासाठी मी एका गोलात त्याच्या आद्याक्षराचा टाका घातला. याहून जास्त सजवू नका. बाहेरची बाजू कामाची आहे, ती तशीच दिसली पाहिजे.

जोडणी

टाका पूर्ण झाल्यावर गळा कापा. खांद्याच्या घडीवर मधल्या शिवणीपासून दोन्हीकडे ९ सेंमी आडवा काप, आणि तिथून पुढच्या पट्टीत तिरकं उतरत घेरापाशी ३ सेंमीवर या. अस्तरही तसंच कापा. बाह्या बाहेरच्या दोन थरांना मशीनने जोडा, मग बगलेच्या शिवणी घ्या. काखेखाली हाताच्या पंजाएवढी फट ठेवा, हात वर करताना ओढ बसत नाही. अस्तराच्या शिवणी वेगळ्या मारून ते आत बसवा आणि कडा तुरपाईने बंद करा. उलटं घालायचं आहे, तेव्हा एकही कच्ची कड दिसता कामा नये. अस्तर जागेवर राहावं म्हणून निळ्या दोऱ्याने चित्राच्या बाह्यरेषेवरून विरळ टाके घ्या, बाहेरच्या निळ्यात ते बुडून जातात. गळपट्टी शेवटी, एका घेरापासून मानेमागून दुसऱ्या घेरापर्यंत, दुमडून सहा-सात सेंमी रुंद.

मग परीक्षा. जाकीट कोरडं काट्यावर ठेवा, मग बादलीत पूर्ण बुडवून, निथळणारं पाणी थांबल्यावर पुन्हा ठेवा. वजन दुपटीच्या वर जायला हवं. नाही गेलं तर कापडात खळ उरली आहे, अजून एकदा धुवा. भिजलेलं जाकीट एकदा अंगात घालूनही बघा. भाच्याने घातलं आणि दोन पावलांत म्हणाला, “मावशी, हे घालून शिडी चढायचे ते?” हो, चढायचे. आजही ६ जानेवारीला टोकियोत अग्निशमन दलाचा नववर्षाचा सोहळा होतो. तिथे जुन्या पोशाखातली माणसं बांबूच्या शिडीच्या टोकावर कसरती करतात. कोरड्या कपड्यात, एवढंच.

धुताना पहिले काही वेळा एकटंच धुवा, निळा रंग सुटतो आणि पांढऱ्या सदऱ्यावरून घरात भांडणं होतात. साबण सौम्य, पिळायचं नाही. दोन्ही बाह्यांतून बांबू घालून सावलीत टांगा. पावसाळ्यात कपाटात कोंबलंत तर श्रावणापर्यंत बुरशी धरेल. आषाढ लागण्याआधी कडकडीत वाळवा, जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि कडुनिंबाचा वाळका पाला घालून माळ्यावर ठेवा. गणपतीत माळा उतरवताना एकदा उलटसुलट करून वारा द्या.